गुलाब थूल झोपला नव्हता

गुलाब थूलचं नाव निघालं की आमच्या पिपरी मेघेत अजूनही एखादा शहाणा सांगतो, "माणूस चांगला हो, पण पोटभर जेवला अन् गाडी चालवाले बसला. लागली डुलकी, गेली बायको." सांगणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते मला. पण वाजवता येत नाही, कारण हे वाक्य सगळ्यात आधी बोललो तो मी. त्याच्या पोरीसमोर, भर उन्हात, आठ-दहा माणसं उभी असताना. आता ते परत घ्यायला निघालोच आहे, तर सगळंच सांगावं लागेल. माझंही.

मी धनंजय भोयर. केळझरच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात एकोणतीस वर्षं गेली. राहायला वर्ध्याला लागून असलेल्या या पिपरीत, त्यामुळे रोजचं अप-डाऊन. सकाळी पावणेसातची एसटी, ड्रायव्हर गुलाब थूल, आणि त्याच्या पाठीमागची खिडकीची जागा माझी. तिथं दुसरं कोणी बसलं तर मी भांडायचो. गुलाब आरशातून बघायचा, हसायचा, आणि गप राहायचा.

त्याची एक सवय होती. गाडी सुटायच्या आधी तो हातात लाकडी दांडकं घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारायचा, आणि प्रत्येक टायरवर दांडकं मारून कान देऊन आवाज ऐकायचा. सहाच्या सहा टायर, रोज. मला उशीर व्हायचा. एकदा मी खिडकीतून ओरडलो, "अरे गुलाब, शाळा भरून सुटून जाईन ना बाप्पा!" तर तो म्हणतो, "सर, तुम्ही पोराईची हजेरी घेता का नाई? हे माही हजेरी." सगळी गाडी हसली, मीही हसलो.

मी त्याला अरे-तुरे करायचो. तो मला अहो-जाहो करायचा. वयानं तो माझ्याहून दोनच वर्षं लहान. तेव्हा यात काही खटकलं नाही, आता खटकतं.

दुसरी सवय जेवणाची. ड्युटीवर असला की गुलाब पोटभर जेवायचा नाही. डब्यात चार पोळ्या असल्या तर एक खायची आणि तीन घरी परत न्यायच्या. त्याची बायको मीराबाई याच्यावरून आयुष्यभर कातावली. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "सर, सांगा याईले. मी का कुत्र्याले पोळ्या करतो का?" गुलाब म्हणाला, "पोट भरलं का डोळे जड होते. मागं पन्नास जीव बसले राह्यते." अठ्ठावीस वर्षं त्यानं असं अर्ध्या पोटी गाडी चालवली आणि एकही अपघात केला नाही. त्याचा त्याला बिल्ला मिळाला होता. तो त्यानं चौकटीत बसवून बुद्धाच्या मूर्तीच्या खालच्या खिळ्याला लावला होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचा नाही, पण आलेल्यानं विचारावं अशी त्याची फार इच्छा असायची. हे मी मुद्दाम सांगून राहिलो आहे. त्याच्या अर्ध्या पोटाची गोष्ट मला जितकी माहीत होती तितकी जगात मीराबाईनंतर कोणालाच नव्हती.

दोन हजार एकोणीसला तो रिटायर झाला. दुसऱ्या वर्षी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मी माझी गाडी विकायला काढली. छोटी गाडी, राखाडी रंगाची, बारा सालची. कंपनीचं नाव घेत नाही. नाव घेऊन काय होणार आहे आता. त्या गाडीचा मला भारी गर्व. दर रविवारी मी ती स्वतः पुसायचो आणि माझी बायको मोहिनी म्हणायची, "एवढं लक्ष माझ्याकडं दिलं असतं तर." आठ वर्षांत गाडीनं मला दगा दिला नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर एकदा दिला होता. पवनारच्या पुलाजवळ चालता चालता इंजिन एकाएकी बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड, ब्रेक दाबला जाईना. रस्ता सपाट होता, गाडी आपोआप थांबली. तिसऱ्या चावीला सुरू झाली. पेट्रोलात कचरा असेल म्हणून मी तो विषय सोडून दिला आणि कोणाजवळ बोललो नाही. गुलाबजवळही नाही.

त्यानंच गाडी घेतली. तो दिवस मला आठवतो. मीराबाई नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "तीस वर्षं जगाले फिरवलं, आता मले फिरवा." गुलाबनं आधी चारी टायरांची हजेरी घेतली. ती गाडीत बसून हसत होती, पदर तोंडाला लावून.

गाडी नावावर करायचे फॉर्म मी सही करून दिले होते. ते त्यानं गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवले. दोन-तीन महिन्यांनी एकदा म्हणाला, "सर, आर.टी.ओ.त जाऊन येतो, नावाचं काम करून टाकतो." मी म्हटलं, "राहू दे रे, कशाला घाई? माझं नाव चावते का तुला?" तो हसला. "नाई सर. अन् तसंबी, तीस वर्षं जे गाडी चालवली ते कुठं माह्या नावावर होती?" झालं. विषय तिथंच संपला. खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. गुलाबच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या कागदावर माझं नाव आहे, हे मला आवडायचं.

आता त्याच्या पोरीचं सांगतो. मयुरी, एकुलती एक. आठवीत असल्यापासून दर रविवारी ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. पोरगी चलाख, पण आळशी. पत्रलेखनात तारीख लिहायला हमखास विसरायची आणि मी हमखास अर्धा मार्क कापायचो. "पत्र लिहायचं असो का वाचायचं, आधी उजवा कोपरा बघायचा. तारीख नसली तर ते पत्र नाही, नुसता कागद आहे," असं मी तिला शंभर वेळा सांगितलं असेल. आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून भिंतीला एक तार आहे. खाली लाकडी चकती, वर आकडा. लाइट बिल सोडून घरात येणारं प्रत्येक पाकीट त्या तारेत टोचून ठेवायचं आणि दिवाळीच्या साफसफाईला तार उतरवून सगळं एकदम बघायचं, ही आमच्या घरची रीत. पाकीट फोडायचीही गरज नाही, सरळ टोचायचं. मयुरीला मी त्या तारेवरची इंग्रजी पत्रं वाचायला लावायचो. बँकेची, विम्याची, गाडीच्या कंपनीची. ती एकेक पाकीट ओढून काढायची आणि मोठ्यानं वाचायची. पुढं ती नर्सिंगला नागपूरला गेली. तिचं येणं बंद झालं, आणि तारेवरची पत्रं दिवाळीपर्यंत तशीच राहायला लागली.

दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात गुलाब माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "सर, गाडी चालता चालता मरते."

"मरते म्हणजे?"

"मरते म्हणजे बंदच. पावर जाते सारी. दोनदा झालं. कंपनीच्या वर्कशॉपात नेलती. ते म्हणते, काईच नाई."

मला पवनारचा पूल आठवला. आणि मी काय बोललो? म्हटलं, "गुलाब, ती एसटी नाही बाबा. गियर हळू टाकत जा. माझ्याकडे आठ वर्षं होती, कधी नाही मेली. तुझ्या हातात जाऊन लगेच कशी काय मरायला लागली?" तो ओशाळला. पुन्हा दोनदा वर्कशॉपात जाऊन आला. तिथल्या कागदावर तिन्ही वेळा एकच शेरा लिहिलेला, तक्रार आढळली नाही. ते कागद त्यानं मला आणून दाखवले. घडी करकरीत, एकावर एक टाचलेले. म्हणाला, "त्यायच्यासमोर थे मरत नाई ना, सर. मी एकटा असलो तंच मरते." मी त्यावर हसलो होतो.

ऑगस्टमध्ये एक दिवस कंपनीचं पाकीट आलं. जाड, पांढरं, माझ्या नावानं. अशी पाकिटं वर्षातून तीन-चार यायचीच, जुनी गाडी आणा आणि नवी घेऊन जा म्हणून. मी त्या वेळी दारात दूधवाल्याशी पाणी घालण्यावरून भांडत होतो. भांडता भांडताच पाकीट तारेत टोचलं आणि पुन्हा भांडायला बाहेर आलो.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला गुलाब आणि मीराबाई गिरडला गेले. मीराबाईची धाकटी बहीण हर्षा तिथं राहते. दुपारचं जेवण तिच्याकडे झालं, पाटोडीचा रस्सा केला होता तिनं. जेवण झाल्यावर मीराबाई म्हणाली, दर्ग्यावर जाऊन येऊ, मयुरीच्या परीक्षेसाठी नवस बोलले होते. वर गेले, चादर चढवली, आणि तीनच्या सुमारास टेकडीवरून खाली निघाले. उतारावर, वळणाच्या तोंडाशी गाडी मेली. गुलाबनं मला नंतर जसं सांगितलं तसंच सांगतो. स्टिअरिंग वळेना. ब्रेक लाकडासारखा झाला, दोन्ही पाय देऊन दाबला तरी दबेना. त्यानं हँडब्रेक ओढला. समोर उताराच्या खाली नारळ-फुलांची दुकानं आणि माणसं होती. त्यानं सारा जीव लावून स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी कडुलिंबावर गेली. डावी बाजू मीराबाईची.

समुद्रपूरच्या दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. नागपूरहून मयुरी आली होती. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणून ठेवली होती, डावी बाजू आत गेलेली. गुलाब गळ्यात हात अडकवून उभा होता, खांद्याचं हाड मोडलेलं, आणि येईल त्याला सांगत होता, "गाडी मेली हो. चालता चालता मेली." लोक मान हलवत होते आणि एकमेकांकडे बघत होते. ते बघणं मला सहन झालं नाही. मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की राग येतो, हा माझा जन्माचा रोग आहे. मी पुढं गेलो, ड्रायव्हरच्या बाजूनं हात घातला आणि तशीच लागलेली चावी फिरवली.

गाडी सुरू झाली.

पहिल्या चावीला. तसं गुरगुरत, जसं माझ्या दारात आठ वर्षं गुरगुरायची. मी म्हटलं, "ही बघ. कुठं मेली? जिती आहे. तूच झोपला असशील गुलाब. जेवून निघालास, ऊन होतं, लागली डुलकी."

गुलाब माझ्याकडे बघत राहिला. "सर, मी जेवतो का? तुम्हाले माईत नाई का?" एवढंच बोलला. मागून हर्षा रडत म्हणाली, भाऊजीनं तर ताटात अर्धी पोळी ठेवली होती. मी ऐकलं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गाडी खराब म्हटली असती तर माझी गाडी खराब झाली असती. पवनारचा पूल माझ्या छातीवर येऊन बसला असता.

मयुरी माझ्याजवळ आली. ती माझ्याशी घरातलीच भाषा बोलायची. "सर, खरं सांगा. बाबा झोपले होते काय?"

मी म्हटलं, "असंच दिसतं बेटा."

त्या पोरीनं माझा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. तो दिवसही अपवाद नव्हता. ती बापाशी बोलायची थांबली. मातीवरून सरळ नागपूरला गेली. पुढं मोहिनीला महिन्यातून एखादा फोन यायचा, बापाला नाही.

गुलाबनं दहा-पंधरा दिवस आपलं म्हणणं लावून धरलं, मग तेही सोडलं. भिंतीवरचा बिल्ला त्यानं काढून पेटीत टाकला, खिळा तेवढा राहिला. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "लागली असंन डुलकी, सर. तुम्ही म्हणता तं लागलीच असंन. मले आता आठवतबी नाई नीट." तो ऑटोतही पुढं बसेनासा झाला. चौकात एसटी दिसली की मान फिरवायचा. मी घरी येऊन मोहिनीला सांगितलं की बरं झालं, निदान कबूल तरी केलं.

महिनाभरानं दिवाळी आली. मी तार उतरवली. एकेक पाकीट काढता काढता ते जाड पांढरं हातात आलं. मधोमध भोक. फोडलं. नव्या गाडीची जाहिरात नव्हती ती. कंपनी कळवत होती की या या सालांत बनलेल्या गाड्यांच्या पेट्रोलच्या पंपात दोष आढळला आहे, चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडू शकतं, तरी आपली गाडी ताबडतोब जवळच्या वर्कशॉपात आणावी, पंप मोफत बदलून मिळेल. उजव्या कोपऱ्यात तारीख होती. चौदा ऑगस्ट. नऊ ऑक्टोबरच्या आधी छप्पन दिवस.

मी जमिनीवर बसलो. मोहिनी आत करंज्या तळत होती. हाक मारून तिला सांगावं, एवढंच करायचं होतं. मी पत्र शब्दकोशात घालून ठेवलं, आणि तार अंगणातल्या भंगारात टाकून दिली. मोहिनीनं दुसऱ्या दिवशी विचारलं, तार कुठं गेली? मी म्हटलं, गंजली होती.

दहा महिने मी हे पोटात ठेवलं. चांगला माणूस म्हणवतो स्वतःला, आणि दहा महिने ठेवलं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग मयुरीचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि मी घातलेली चप्पल पुन्हा काढून ठेवायचो. गुलाबच्या घरासमोरून जायचं टाळायला मी बाजाराचा रस्ता बदलला. थू आहे माझ्यावर.

पुढच्या सप्टेंबरात कंपनीचं दुसरं पत्र आलं. आठवण. आपली गाडी अद्याप तपासणीसाठी आलेली नाही, आपल्या सुरक्षिततेसाठी कृपया विलंब करू नये. मी घरी नव्हतो, मोहिनीनं फोडलं. मी आलो तेव्हा ती पलंगावर बसली होती, पत्र मांडीवर ठेवून.

"हे दुसरं आहे ना?" तिनं विचारलं. "पहिलं कुठं आहे?"

मी शब्दकोश काढला. तिनं ते भोक बघितलं, तारीख बघितली. मग म्हणाली, "मीराबाई माझ्या हातची भाजी खाऊन गेली होती, मागच्या वर्षीच्या पोळ्याला." आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. जाता जाता म्हणाली, "नऊ तारखेला वर्ष होते. पोरगी येणार आहे. त्या दिवशी तुम्ही गेले नाही तर मी जाईन."

नऊ तारखेला गेलो. सकाळी वंदना, मग जेवण झालं होतं, लोक पांगले होते. गुलाब भिंतीला टेकून बसला होता. मयुरी दुसऱ्या कोपऱ्यात ताटं आवरत होती, बापाकडे पाठ करून. मीराबाईच्या फोटोपुढे मेणबत्ती अर्धी जळाली होती. मी वाटेत ठरवून आलो होतो की दोष तेवढा सांगायचा. तारीख नाही सांगायची. तारखेची काय गरज आहे, गुलाब सुटला म्हणजे झालं, असं मी स्वतःला पटवलं होतं.

मी खिशातून पत्र काढलं. "गुलाब, कंपनीचं पत्र आहे. गाडीत दोष होता. पेट्रोलचा पंप खराब, चालता चालता इंजिन बंद पडते. त्यांनी स्वतःच लिहून कळवलं आहे."

तो भिंतीपासून सरळ झाला. मग म्हणाला, "वाचून दाखवता का सर? मराठीतून. जरा मोठ्यानं वाचा." आणि फोटोकडे हात केला. "तिलेबी आयकू द्या."

मी उभा राहून वाचलं. एकेका ओळीचं मराठी करत, वर्गात करायचो तसं. चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडू शकतं. स्टिअरिंग जड होऊ शकतं. ब्रेकला जास्त जोर लागू शकतो. गुलाब ओठ हलवत माझ्यामागं पुटपुटत होता. वाचून संपलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी झोपलो नव्हतो."

"नाही."

"मले वाटे का झोपलोच असंन. साऱ्याईनं म्हटलं तं मले तसंच दिसाले लागलं होतं, सर. सपनातबी झोपलेलाच दिसो मी." तो फोटोकडे बघून म्हणाला, "मीरा, मी जागा होतो वं." आणि तो रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदा बघितलं, मातीलाही तो रडला नव्हता.

मयुरीच्या हातातलं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली. बाविसाव्या वर्षी तिच्या कानशिलाजवळ पांढरा केस आला होता.

"सर, तारीख नाई वाचली तुम्ही."

मी पत्राची घडी घालायला लागलो होतो. ती हात पुढं करून तशीच उभी होती. मला खोटं बोलता आलं असतं, पण पत्र इंग्रजीत होतं आणि इंग्रजी मीच तिला शिकवलं होतं. मी सांगितलं. "चौदा ऑगस्ट. मागच्या वर्षीची."

तिनं पत्र घेतलं. उजवा कोपरा बघितला. मग कागद उलगडून धरला आणि मधल्या भोकावर बोट ठेवलं. त्या तारेवरून तिनं चार वर्षं पत्रं ओढून काढली होती, तिला काही विचारायची गरज नव्हती.

"फोडलंबी नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"अन् गाडीची चावी तुम्हीच फिरवली होती. मले तुम्हीच सांगतलं होतं."

"हो बेटा."

ती वळली, बापाजवळ जाऊन खाली बसली आणि त्याचा मोडून जुळलेला खांदा तिनं धरला. "बाबा, तुम्ही तं सांगून राह्यले होते," असं म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून हमसून हमसून रडायला लागली. वर्षभरानं ती त्याला बाबा म्हणाली होती. मी दारात उभा होतो. चपला घातल्या आणि निघालो.

फाटकाजवळ पोचलो तर मागून गुलाब आला. नेहमी यायचा तसा, रस्त्यापर्यंत सोडायला. मला वाटलं, आता हा बोलेल. शिव्या देईल, कॉलर धरेल. मी त्यासाठी थांबलो. मला ते हवं होतं.

त्यानं फाटकाची कडी उघडून धरली. डोळे पुसले. म्हणाला, "सर, चूक माहीच झाली."

"तुझी कसली चूक, गुलाब?"

"नावाचे फारम तीन वर्षं गाडीतच पडून होते. नाव बदललं असतं तं पत्र माह्या घरी आलं असतं. मी लगेच नेली असती गाडी. मीरा राह्यली असती." तो माझ्याकडे बघत होता, खरंच उत्तर हवं असल्यासारखा. "इतकुसं काम होतं. मी काऊन गेलो नाई, सर?"

मी त्याला सांगितलं. तू निघाला होतास, मी नको म्हटलं होतं, माझं नाव चावते का म्हणून विचारलं होतं. तो आठवत राहिला. मग त्यानं मान हलवली.

"नाई सर, तुम्ही असं नसान म्हटलं," तो म्हणाला. "मलेच आळस आला असंन."